'जर-तर'च्या कादंबऱ्या आणि गुलामगिरी : तुमचं कुणाशी वाजलंय का?

मंडळी, अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिण (गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली राज्यं) जिंकली असती तर, अशा कल्पनेवरच्या कादंबऱ्या वाचणारे इथे बरेच आहेत. त्यातल्या गुलामगिरीवरून कुणाशी वाद झाला असेल तर इथे लिहा. सुरुवात मी करते.

माझं वाजलं भाच्याशी. पुस्तक हॅरी टर्टलडव्हचं 'द गन्स ऑफ द साउथ' (१९९२). दक्षिण आफ्रिकेतले वर्णद्वेष्टे कालप्रवास करून दक्षिणेचा सेनापती जनरल ली याला एके-४७ पुरवतात, दक्षिण जिंकते, ली राष्ट्राध्यक्ष होतो आणि गुलामांना टप्प्याटप्प्याने मुक्त करायला निघतो. भाचा लीवर फिदा! म्हटलं, खऱ्या लीचं बोल. १८५९ मध्ये ली सांभाळत असलेल्या आर्लिंग्टनच्या मळ्यावरून गुलाम वेस्ली नॉरिस आणि त्याची बहीण पळाले, पकडले गेले. नॉरिसची जबानी १८६६ मध्ये छापून आली. त्याला पन्नास फटके, बहिणीला वीस, आणि वर सोललेल्या पाठी मिठाच्या पाण्याने धुवायचा लीचा हुकूम. भाचा म्हणतो, "मावशी, कादंबरी आहे ती." असेल. पण बंदुकीचा तपशील काटेकोर हवा, मग आसुडाचा का नको?

खाडीकाठचा
मी व्हर्जिनियात हॅम्प्टनजवळ राहतो. फोर्ट मन्रो हाकेच्या अंतरावर. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम रात्री होडीतून या किल्ल्यावर आले. दक्षिणेची तोफांची मोर्चेबांधणी त्यांच्याकडूनच करून घेत होते. मालकाचा माणूस मागायला आला, तर किल्ल्यावरच्या उत्तरेच्या जनरल बटलरने (मूळचा वकील!) त्याला वाटेला लावलं. तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता ना, मग पळालेले गुलाम परत करायचा आमचा कायदा तुम्हाला कशाला? आणि शत्रूची युद्धसामग्री तर आम्ही जप्तच करणार. त्यानंतर किल्ल्याकडे रीघ लागली. पुढे उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय लढले.

इथल्या एका ओळखीच्या अमेरिकन गृहस्थांशी माझा कायमचा वाद आहे तो यावरूनच. त्यांच्या आवडीच्या पुस्तकांत घोडदळाची वाट बदलते, एखाद्या सेनापतीचं मन बदलतं. पण गुलाम? मुक्ती मिळेपर्यंत जागचे हलत नाहीत! त्यांना टेरी बिसनचं 'फायर ऑन द माउंटन' (१९८८) दिलंय. त्यात गुलामांना पळवून नेणारी हॅरिएट टबमन सोबत असते आणि गुलामगिरीविरोधी जॉन ब्राउनचा हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावरचा, प्रत्यक्षात फसलेला हल्ला यशस्वी होतो. अजून परत आलेलं नाही.

अर्धवटराव
ताई, थोडी असहमती. त्या कादंबरीत लीच्या हाती भविष्यातली पुस्तकं पडतात, पुढचं जग आपल्याला काय म्हणणार ते त्याला कळतं आणि मग तो बदलतो. मला ते पटलं. मला चीड येते ती "गुलामगिरी आपोआप संपलीच असती"वाल्यांची. आमच्या ऑफिसात आहे एक. १८६० पर्यंत गुलामांचे भाव चढेच होते. दक्षिणेच्या १८६१ च्या घटनेत गुलामांवरच्या मालकीहक्काला धक्का लावणारा कायदा करायची तिथल्या काँग्रेसला (म्हणजे संसदेला) मनाई होती. ब्राझीलने १८८८ साली बंद केली, तीही कायदा करून. आपोआप म्हणे!

रात्रपाळी
मी स्ट्रॅटेजी गेमवाला. गुलामगिरी म्हणजे एक बटण, दाबलं की बंद, जमीनदार नाराज. मित्र म्हणाला, चालू ठेव, कापूस जास्त मिळतो. त्याच्याशी आता फक्त क्रिकेटचा गेम खेळतो.

मधुमालती
आम्ही घरी 'सी.एस.ए.' (२००४) हा माहितीपटाच्या थाटातला चित्रपट पाहिला. दक्षिण जिंकलेल्या देशाचा इतिहास आणि मधूनमधून तिथल्या जाहिराती. 'कून चिकन इन'ची ('कून' ही कृष्णवर्णीयांना दिलेली शिवी) जाहिरात आली तसे दीर हसत सुटले, काय एकेक सुचतं म्हणून. शेवटी पाट्या येतात, की हे हॉटेल खरंच होतं. यावरून जेवणं थंड झाली. दिरांचं म्हणणं, आधी सांगायला हवं होतं. माझं म्हणणं, मग हसला असतात का?

पेठेतली
आमच्या वाचनगटात नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचली. त्यात विश्वासराव मरत नाहीत, पानिपत आपण जिंकतो. चर्चा अर्थातच अटकेपार. मी विचारलं, या जिंकलेल्या पेशवाईत कुणबिणींचं, म्हणजे गुलाम बायकांचं, काय झालं असतं? त्यांची खरेदी-विक्री व्हायची, वाड्यांत, कोठारांत राबवल्या जायच्या, आणि आपण अमेरिकेच्या नावाने बोटं मोडतो. पानिपतानंतर आपली बायकापोरं गुलाम म्हणून नेली, हे सांगताना ज्यांचा गळा दाटला होता तेच म्हणाले, "विषयांतर नको." फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्यांना, हे सांगितल्यावर तर चहाच मागवला गेला.

आता यावर कथा मीच लिहायला घेतलीय. पेशवे दफ्तरातल्या कुणबिणींच्या छापील नोंदी कुणी पाहिल्या असतील तर खंड आणि पान कळवा.