समभुज त्रिकोणाला ६० नव्हे, १२० अंश! भूमिती चालण्यातून सुरू करावी का?

रेघोट्या:
सहावीतल्या लेकीला पायथॉन या संगणकभाषेतलं कासव शिकवतोय, म्हणजे सूचना देऊ तसं पडद्यावर चालत मागे रेघ ओढणारं चिन्ह. 'पुढे १००, उजवीकडे ९०' असं चारदा सांगितलं की चौरस होतो. त्रिकोणाला तिनं ६० दिले. तीन बाजू झाल्या तरी आकृती मिटेना, सहा वेळा केल्यावर षटकोन झाला. रडकुंडीला आली, "पुस्तकात तर ६०च आहेत!" मग गच्चीवर खडूनं मोठा त्रिकोण आखला आणि रेघेवरून चाललो. कोपऱ्यावर नाक समोर असतं, तिथून पुढच्या रेघेकडे वळताना अंग १२० फिरतं. ६० आत उरतात. बाह्यकोन हा शब्द मी उच्चारलाही नाही, तरी तिला तो कळला होता. फिरून जागेवर आलो आणि तोंड पहिल्या दिशेला झालं की वळणांची बेरीज ३६०. पंचकोनाचे ७२ तिनं स्वतः काढले.

सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन, वॉली फोयरझाइग यांनी १९६७ मध्ये लोगो ही संगणकभाषा मुलांसाठीच केली. हे कासव त्यात नंतर आलं. माझं ठाम मत आहे, कंपासपेटीच्या आधी हे हवं.

गुण्या:
नववी-दहावीला भूमिती शिकवते. असहमत. कासवाचं वर्तुळ म्हणजे १ पाऊल, १ अंश, ३६० वेळा. ती ३६० बाजूंची बहुभुजाकृती झाली. केंद्र कुठे, त्रिज्या किती, काही कळत नाही. आणि मुलं मोजून पटवून घ्यायला शिकतात. पुढे पक्ष, साध्य, सिद्धता आली की विचारतात, "मोजलं तर दिसतंच आहे, सिद्ध कशाला करायचं?" ही सवय मोडताना माझं अर्धं वर्ष जातं. लोगोमुळे विचारशक्ती वाढते म्हणत, पण १९८४ मध्ये पी आणि कर्लंड या संशोधकांनी तपासलं तेव्हा लोगो शिकलेली मुलं नियोजनाच्या कामात इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत.

रेघोट्या:
त्यांनी नियोजन तपासलं, मी कोनाबद्दल बोलतोय. वर्तुळाचं म्हणाल तर एकसारखं वळत राहणं हीसुद्धा वर्तुळाची खरी ओळख आहे. परीघ ३६० पावलं, म्हणजे त्रिज्या साधारण ५७.३. तेही निघतं.

अंगणातली फरशी:
चौरसाचा कर्ण काढायला सांगा. ४५ वळायचं हे मुलांना लगेच सुचतं, पण पुढे किती? बाजू १०० असेल तर १४१ कमी पडतात, १४२ जास्त होतात. माझ्या भाच्यानं याच अडचणीपायी पायथागोरस विचारला. मला तरी पुस्तकातल्या कुठल्याच धड्यानं तो विचारायला लावला नव्हता.

गुण्या:
माझा मुद्दा तोच! १४१.४, १४१.४२, करत बसा. हे दशांश कधीच संपत नाहीत, हे कासव सांगणार नाही. ते सिद्धच करावं लागतं.

रेघोट्या:
काल तिनं पाच टोकांची चांदणी काढली. वळण विचारलं तर कोनमापक न घेता म्हणाली, "बाबा, मी दोनदा गोल फिरते, म्हणजे ७२० भागिले ५, १४४." मोजलं नाही, कारण दिलं.

गुण्या:
हे मान्य, हा युक्तिवादच आहे. आता तिला वाकडीतिकडी, एक कोपरा आत घुसलेली आकृती द्या. रेघ स्वतःला कुठे छेदणार नाही एवढं बघा. डावं वळण वजा धरायचं. बेरीज तरीही ३६०च का येते, हे तिला तिच्या शब्दांत लिहू द्या आणि इथे टाका. माझ्या नववीच्या वर्गात वाचून दाखवीन.