लाइटसेबरचं पातं टक्कर झाली की विझून पुन्हा पेटतं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन महिने सुट्टीच्या दिवशी एका प्रतिकृती लाइटसेबरच्या (स्टार वॉर्समधली प्रकाशाची तलवार) मागे लागलो आहे. मूठ तयार घेतली, बाकी सगळं माझं. पॉलिकार्बोनेटच्या नळीत डब्ल्यूएस२८१२बी एलईडीच्या (प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवता येतो) दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून बसवल्यात (मीटरला १४४ एलईडी, पातं ८० सेंमी, म्हणजे एका बाजूला ११५). मुठीत अर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), हालचाल मोजणारा एमपीयू-६०५० सेन्सर आणि १८६५० ची (लिथियम सेल) एकच बॅटरी. एलईडी चालवायला लायब्ररी फास्टएलईडी. दोन्ही पट्ट्यांना डेटा वायर एकच, त्यामुळे कोडमध्ये ११५ पिक्सेलच (एक पिक्सेल म्हणजे एक एलईडी) आहेत.

निळं पातं मुठीपासून टोकापर्यंत सरसरत पेटतं, हलकं थरथरतं, इथवर झकास. पण टक्कर झाल्यावर सगळं पातं १५० मिलिसेकंद पांढरं व्हायला हवं, तर पांढरं होता होताच विझतं आणि पुन्हा पहिल्यापासून पेटायला लागतं. कोड दहादा वाचला, पेटण्याचं फंक्शन मी फक्त सेटअपमध्येच (बोर्ड सुरू होताना एकदाच चालणारा भाग) बोलावलंय!

दुसरं म्हणजे, तलवार नुसती जोरात फिरवली तरी टक्कर झाल्यासारखी चमकते. टक्कर ओळखायची मर्यादा वाढवत १.९ जीपर्यंत (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग) नेली. २.५ केल्यावर खरी टक्करही कळेनाशी झाली.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (तलवारीवर टाकला तरी चालेल.)

प्रतिसाद १
सेटअप पुन्हा चालतोय म्हणजे नॅनो रीसेट होतोय. कोडला कशाला बोल लावता, बॅटरी धापा टाकतेय. पूर्ण पांढऱ्यावर एका एलईडीला साधारण ६० मिलिअँपिअर लागतात. तुमचे दोन्ही बाजूंचे मिळून २३०, म्हणजे जवळपास १३.८ अँपिअर! निळ्यावर लाल-हिरवा-निळा या तिघांपैकी एकच रंग पेटतो म्हणून निभावतं. एका सेलकडून त्या बारीक वायरींतून एवढं मागितलं की व्होल्टेज कोसळतं आणि नॅनो मान टाकतो.
खात्री करायची तर पांढऱ्याऐवजी लाल चमक देऊन बघा. रीसेट थांबला तर दुखणं विजेचंच.

प्रतिसाद २
+१. आणखी एक खूण: पांढरं करताना टोक पिवळट-तांबूस दिसतं का? हिरव्या-निळ्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे वीज कमी पडली की आधी तेच मंदावतात.
फास्टएलईडीत कमाल मिलिअँपिअर ठरवून द्यायची सोय आहे, ती वापरा. मुठीत पट्टीच्या प्लस-मायनसवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, वायर जाड घ्या.
आणि अख्खं पातं पांढरं करायचा अट्टहास कशाला? मधले पंचवीस-तीस पिक्सेल पांढरे, दोन्हीकडे उतरत जाणारे, बाकी निळं. वीजही वाचते, शिवाय घाव एका जागी बसल्यासारखा दिसतो. माझ्या मते सगळं पातं चमकवणं म्हणजे ट्यूबलाइट फडफडल्यासारखं.

प्रतिसाद ३
हा सगळा खटाटोप सोडून प्रॉफीबोर्ड (लाइटसेबरसाठीचा तयार बोर्ड) घ्या. आवाज, टक्कर, पेटणं सगळं तयार, फक्त कॉन्फिग फाइल लिहायची.

धागाकर्ता
@३, घेईन कधीतरी, पण मग सुट्टीत करू काय?

प्रतिसाद ४
फिरवण्याच्या प्रश्नाबद्दल. एमपीयू-६०५० ची मोजायची रेंज बदलली नसेल तर ती मुळात ±२ जी असते. जोरात फिरवलं तरी आकडा तिथे जाऊन आदळतो, टक्करही तिथेच. २.५ त्याला दिसणार कसे? रेंज ±१६ करा. (आकडा जीमध्ये बदलताना १६३८४ ऐवजी २०४८ ने भागायचं, हे मी विसरलो होतो आणि एक रात्र घालवली.) शिवाय नुसता आकडा न बघता लागोपाठच्या दोन वाचनांतला फरक बघा. फिरवताना तो हळूहळू चढतो, आदळल्यावर एकदम उसळी मारतो.
चमकेत डिले() (प्रोग्राम थांबवून ठेवणारं फंक्शन) वापरलाय का? तेवढा वेळ सेन्सर वाचलाच जात नाही, दुसरा घाव हुकतो. वेळ मिलिस() ने (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) मोजा.

धागाकर्ता
लाल चमक दिली, रीसेट नाही! मर्यादा २००० मिलिअँपिअर ठेवली, चमक मधल्या ३० पिक्सेलपुरती केली. सलग चाळीस घाव घातले, एकदाही विझली नाही. ±१६ जी आणि फरकाची युक्तीही लागू पडली, आता फिरवताना गप्प राहते.
डिले() मात्र पेटण्याच्या फंक्शनमध्येही आहे. अर्धवट पेटलेल्या पात्यावर घाव बसला तर चमक दाखवून उरलेलं पातं पुढे पेटवायचं, हे कसं लिहिता तुम्ही? पेटलेल्या पिक्सेलांची संख्या वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवायची का?

प्रतिसाद ४
हो. आधी निळं भरा, त्यावर चमक, आणि सगळ्यात शेवटी त्या संख्येच्या पुढचे पिक्सेल काळे करा. हाच क्रम ठेवा, नाहीतर चमक न पेटलेल्या भागातही दिसेल.