'फायनल फँटसी'ला बंडल म्हणणाऱ्यांनी जरा इकडे या

घोडबंदरी: काल एकाने लिहिलं की 'फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन' म्हणजे "बाहुल्यांचा रटाळ पिक्चर, कॉम्प्युटरवर पैसे जाळले." दोन ओळीत उत्तर देणं जमेना म्हणून हा धागा. अरे २००१ चा, त्याच नावाच्या व्हिडिओ गेमवाल्यांचा पिक्चर आहे तो! तेव्हा सगळे सीजीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर चित्रं बनवणारे, खेळणी आणि किडेमुंग्या करत होते, कारण माणसाचा चेहरा करणं महाकठीण, आणि दिग्दर्शक साकागुचीने नेमकं तेच अंगावर घेतलं. हालचाल मोशन कॅप्चरची (खऱ्या माणसांची टिपून घेतलेली) पण चेहरे हाताने अ‍ॅनिमेट केलेत. नायिका आकीच्या डोक्यावर ६० हजार केस, ती मान वळवते तेव्हा खांद्यावरून कसे सरकतात ते बघा आणि मग नावं ठेवा. आणि स्टोरी? पृथ्वीवर माणसं मारणारे ते फँटम्स चाल करून आलेलं सैन्य नाहीच, उद्ध्वस्त ग्रहाची भुतं आहेत, उल्केबरोबर आलेली. गोळ्या घालायच्या कोणाला? जनरल हाईन तरी तोफच डागतो.

वाशी_सेक्टर१७: केस मोजायला तिकीट काढतात का लोक? आकीचा प्रियकर ग्रे मरतो तिथे मला जांभई आली राव. फँटम्सना थोपवायला आठ स्पिरिट (आत्मे) गोळा करत फिरायचं, म्हणजे गेमच झाला, फक्त रिमोट दुसऱ्याच्या हातात. १३ कोटी ७० लाख डॉलर घातले, आले साडेआठ कोटी. जग येडं का?

घोडबंदरी: गल्ल्यावरून पिक्चर ठरवायचा तर मग बोलणंच खुंटलं.

रेंडरमामी: मी याच लाइनीत आहे म्हणून सांगते, एकेका फ्रेमला सरासरी दीड तास रेंडर (कॉम्प्युटरने पक्कं चित्र काढणं) आणि मशिनं ९६०. चेष्टा नाही. पण मला या पिक्चरचा राग वेगळाच आहे. ठाण्यातल्या एका अ‍ॅनिमेशन क्लासने आकीचा चेहरा दाखवून दाखवून आमच्या अ‍ॅडमिशन घेतल्या, "शंभर टक्के प्लेसमेंट". एका मशीनवर दोघं, सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं, आणि प्लेसमेंट म्हणजे घणसोलीत साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो कापत बसणं. बाबांनी सोसायटीतून कर्ज काढलं होतं. तोंडाला पानं पुसली नुसती.

कळवा_लोकल: स्टेशनजवळचा, जिन्यावर झेरॉक्सवाला असलेला?? माझ्या भावाचेही पैसे तिथेच बुडाले!

माजी_फॅकल्टी: क्लासला शिव्या देणं सोपंय. अर्धी पोरं लॅबमध्ये काउंटर स्ट्राइक खेळायची, शोरील (स्वतःच्या कामाचा नमुना व्हिडिओ) विचारलं की गायब. आम्हालाही पगार तीन-तीन महिने उशिरा.

कळवा_लोकल: मग फी जायची कुठे सर? जरा सांगाच.

माजी_फॅकल्टी: मी मालक नव्हतो. भाषा सांभाळा.

रेंडरमामी: आता भाषा! आम्ही शोरील कशावर बनवायची, पाटीवर? फीची पावती ठेवलीय अजून, दाखवू का?

घोडबंदरी: अहो धागा पिक्चरचा आहे...

वाशी_सेक्टर१७: बरं बाबा, तुझ्या समाधानासाठी आकीचा गुरू, म्हातारा डॉ. सिड खरा वाटतो, कातडीवरच्या डागांसकट. झालं? आकी मात्र शाम्पूची जाहिरातच. आणि हा पिक्चर बनवणारा होनोलुलूचा तो स्टुडिओ २००२ मध्ये बंद पडला तो माझ्या जांभईने नाही.

घोडबंदरी: सिडचं मान्य केलंस ना, मग निम्मं भांडण मी जिंकलं. उरलेलं ग्रेवरून, परत बघ आणि ये.

कळवा_लोकल: मामी, पावती डीएम करा. भावाचीही शोधतो.