मदत हवी आहे: ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला, तरी चेक इंजिनचा दिवा जात नाही

रानवाटा: २०११ ची पेट्रोल हॅचबॅक. तीन आठवडे दिवा पेटतोय. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलला, ३८०० रुपये घेतले. दोन दिवसांत दिवा परत आला. आता म्हणतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेला. शनिवारी आईला घेऊन चिपळूणला जायचंय. वायरिंग कसं तपासायचं ते लवकर सांगा.

वायरमन७२: स्कॅनरवर बिघाडाचा कोड काय आला? आणि कुठला सेन्सर बदलला, इंजिनकडचा मॅनिफोल्डजवळचा, की सायलेन्सरकडचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा?

कोकणकडा: कोड वगैरे सोडा. टाकीत इंजेक्टर क्लीनर ओता आणि हायवेला तिसऱ्या गिअरवर ताणा. माझा दिवा असाच गेला.

वायरमन७२: तार तुटली असेल तर क्लीनर काय करणार? उगाच पैसे घालवायला लावू नका.

रानवाटा: पी०१३५. मॅनिफोल्डजवळचाच बदललाय.

वायरमन७२: मग हे हीटरचं सर्किट. सेन्सर तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही, म्हणून आत हीटर असतो. चार तारांपैकी एकाच रंगाच्या दोन, बहुधा पांढऱ्या, त्या हीटरच्या. इंजिन थंड असताना प्लग काढून त्या दोन पिनांत ओहम मोजा. काळी तार सिग्नलची, तिला ओहमवर मीटर लावायचा नाही. मग चावी ऑन करून गाडीकडच्या प्लगात १२ व्होल्ट येतात का बघा. काही गाड्यांत इंजिन चालू असतानाच येतात.

सायली_प: पीयूसीची काळजी करू नका. तिथे दिवा बघत नाहीत, नळीतल्या धुरातले सीओ आणि एचसी हे वायू मोजतात.

रानवाटा: पीयूसीचं मी विचारलंच नाही हो. सेन्सर ६.८ ओहम, प्लगात १२.३ व्होल्ट. म्हणजे वायरिंग ठीक. ईसीयूच गेला ना?

वायरमन७२: थांबा, ईसीयूला हात लावू देऊ नका! मीटर करंट ओढतच नाही. तारेचा एक केस शिल्लक असला तरी तो १२ दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब त्या १२ व्होल्टच्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, तो करंट ओढतो; तार खराब असेल तर मंद पेटेल. गाडीला सीएनजी आहे का?

रानवाटा: आहे, २०१४ मध्ये बाहेरून बसवलं. त्याचा काय संबंध?

वायरमन७२: हे आधी सांगायचं! किटला चावीवरचे १२ व्होल्ट लागतात. फिटर हाताला येईल ती तार सोलून जोड मारतात. किटच्या तारा कुठे मिसळल्यात ते शोधा.

कोकणकडा: सीएनजीवर पिकअप मार खातो, मी तर काढूनच टाकलं.

रानवाटा: सापडलं! बल्ब नुसता लालसर झाला. बॅटरीखालच्या तारांच्या जुडग्यावरची चिकट टेप सोडली, तर हीटरच्या तारेला किटची तार नुसती पिळलेली. तांबं हिरवं पडलंय, बोट लावलं तर भुगा निघतोय. सोल्डर करू?

वायरमन७२: हार्नेसमध्ये, म्हणजे गाडीच्या त्या जुडग्यात, चालेल. सेन्सरच्या स्वतःच्या तारांना मात्र नको, बरेच सेन्सर त्या तारांमधूनच बाहेरची हवा घेतात.

सायली_प: हार्नेसमध्येही नको. हादऱ्याने सोल्डरच्या कडेला तार तुटते. क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या नळीत तारा दाबून जोडा, आणि वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवा.

वायरमन७२: वीस वर्षं सोल्डर करतोय, एक तुटली नाही. बाकी हिरवी तार चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, आणि किटला फ्यूज टाकून वेगळी लाईन द्या.

रानवाटा: क्रिम्प केलं. बल्ब लख्ख पेटतोय, कोड पुसलाय. उद्या सकाळी थंड इंजिनवर चालू करून कळवतो.