मदत हवी आहे: १२ वर्षांखालील फुटबॉल निवड चाचणी

वयोगटाची कटऑफ (वय मोजायची तारीख) १ जानेवारी. त्यामुळे जानेवारी-मार्चमध्ये जन्मलेली थोराड मुलं निवडली जातात, डिसेंबरची पहिल्याच फेरीत गळतात. एकाच गटात जवळजवळ वर्षाचा फरक! म्हणून बिबचे (जर्सीवर घालायच्या बंडीचे) नंबर जन्मतारखेच्या क्रमाने देणार आहोत: कोण लहान, ते निवडणाऱ्याला मैदानावरच दिसेल. ४ विरुद्ध ४ चे छोटे सामने, दर ८ मिनिटांनी संघ बदलून. (धावण्याच्या शर्यतीला गुण नकोतच, त्यात लांब पायच जिंकतात.) तीन निरीक्षक, गुण न बोलता लिहायचे, नाहीतर सगळे मुख्य प्रशिक्षकाचीच री ओढतात.

अडतंय ते इथे: कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी शिट्टीसोबत झेंडा वर करतो, पण खेळाडू पाठमोरा असेल तर? बाकीच्यांनी हात वर करून जागीच थांबायचं, हा नियम चालतो का? आणि गोलरक्षकांचा गुणतक्ता वेगळा ठेवता का? असेल तर कृपया टाका.