जनरल जियाप यांचं मोठेपण कशात? हल्ल्यात की हल्ला थांबवण्यात?

पाऊलखुणा: व्हिएतनामचे सेनापती व्हो न्गुयेन जियाप (१९११–२०१३) म्हटलं की सगळ्यांना फ्रेंचांवरचा दिएन बिएन फूचा विजय आठवतो. मला त्यांचं मोठेपण त्या लढाईला तोंड फुटायच्या दीड महिना आधीच दिसतं. जानेवारी १९५४. खोऱ्यात फ्रेंचांची छावणी, भोवतीच्या डोंगरांत माणसांनी दोरखंडांनी ओढून चढवलेल्या तोफा. चिनी सल्लागारांचा आग्रह झटपट हल्ल्याचा होता. जियाप यांनी ऐन वेळी हल्ला रद्द केला आणि त्याच तोफा पुन्हा मागे ओढायला लावल्या. आपल्या सेनापतिपदाच्या काळातला सर्वांत अवघड निर्णय तोच, असं त्यांनी पुढे सांगितलं. जिंकायची खात्री असेल तरच लढ, असं व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांनी निघताना बजावलं होतं. मग नव्याने तयारी: डोंगराच्या पोटात तोफांसाठी खणलेल्या जागा, लांबच लांब खंदक, दोनदोनशे किलो ओझं लादून ढकलत आणलेल्या सायकली. १३ मार्चला मारा सुरू झाला. फ्रेंच तोफखान्याचे प्रमुख कर्नल पिरो यांनी दोनतीन दिवसांतच हातबॉम्बने आत्महत्या केली. ७ मे रोजी छावणी पडली. लष्करी शाळेची पायरीही न चढलेल्या, हनोईत इतिहास शिकवणाऱ्या माणसाने हे घडवलं.

कोरा कागद: पटलं नाही. हे थांबणं ते कुठे शिकले? १९५१ मध्ये तांबड्या नदीच्या खोऱ्यात त्यांनी उघड्या मैदानावर फ्रेंचांशी समोरासमोर लढाया घेतल्या. विन्ह येनला वरून नापामचे आगीचे बॉम्ब पडले, पोरं होरपळून मेली. पाठोपाठ आणखी दोन मोहिमा फसल्या. दिएन बिएन फूला व्हिएतनामच्या स्वतःच्या आकड्यांनुसारही चार हजारांवर सैनिक गेले, आणि पकडलेल्या फ्रेंच बाजूच्या दहा हजारांवर कैद्यांपैकी निम्म्याहून अधिक परतलेच नाहीत. पुढे अमेरिकेशी झालेल्या युद्धात आपल्या बाजूचे ११ लाख सैनिक गेल्याचं व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये सांगितलं. सेनापतीची थोरवी मोजताना हा हिशेबही मांडायला हवा. शिवाय १९४६ मध्ये हो ची मिन्ह फ्रान्समध्ये असताना विरोधी राष्ट्रवादी पक्ष चिरडले गेले, तेव्हा सूत्रं जियाप यांच्याकडेच होती.

सह्यकडा: अमेरिकेला हरवायची प्रेरणा शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यातून मिळाली, असं व्हिएतनामी नेत्यांनी म्हटल्याचं वाचलंय. त्याचा उल्लेख कुणीच कसा केला नाही?

पाऊलखुणा: सह्यकडा, तो मजकूर मलाही दरवर्षी येतो, पण त्याला एकही विश्वसनीय आधार मला सापडलेला नाही. जियाप यांच्यासमोर त्यांचाच इतिहास होता. १२८८ मध्ये बाख डांग नदीत खुंट रोवून मंगोलांचं आरमार अडकवणारा चान हुंग दाओ, १७८९ मध्ये ऐन नववर्षाच्या सणात चिनी फौजेवर तुटून पडलेला क्वांग चुंग. त्याच्या जोडीला माओचा दीर्घ युद्धाचा विचार. महाराज थोर आहेतच, त्यासाठी व्हिएतनामची साक्ष काढायची गरज नाही.

कोरा कागद, विन्ह येनची चूक मान्य. म्हणूनच तर १९५४ चं थांबणं मला मोठं वाटतं. होरपळलेली पोरं त्यांनी पाहिली होती. आणि मनात राग धरायला त्यांना कारणं कमी होती का? पत्नी फ्रेंचांच्या तुरुंगात मरण पावली, मेहुणीला १९४१ मध्ये गोळ्या घातल्या. तरी सूडाच्या घाईने हल्ला केला नाही.

गवताचं पातं: मला या माणसाच्या उत्तरार्धाबद्दल बोलायचंय. अमेरिकेविरुद्धच्या युद्धात १९६८ च्या टेट (नववर्षाच्या सणातल्या) हल्ल्याची आखणी पक्षप्रमुख ले झुआन यांच्या गटाने केली. जियाप त्याबाबत साशंक होते, आणि हल्ला सुरू झाला तेव्हा उपचारांसाठी हंगेरीत होते. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीवर, सायगाववर, चालून जाणाऱ्या फौजेचं नेतृत्व व्हान तिएन झुंग यांच्याकडे होतं. १९८० मध्ये संरक्षणमंत्रिपद गेलं, १९८२ मध्ये पॉलिट ब्यूरोतूनही वगळलं, आणि मग दिएन बिएन फूच्या विजेत्याला कुटुंबनियोजनाच्या समितीवर बसवलं! हे वाचताना मला फार वाईट वाटतं.

कोरा कागद: मला वाईट वाटतं ते त्यांच्या गप्प बसण्याचं. १९६७ मध्ये ले झुआन यांच्याच गटाने हनोईत अटकसत्र चालवलं, त्यात त्यांच्या निकटचे लोक आत गेले. ज्याच्या शब्दाला सैन्यात आणि जनतेत एवढं वजन, तो माणूस उघडपणे काहीच बोलला नाही.

गवताचं पातं: बोलले असते तर तेही आत गेले असते, कदाचित सैन्यात फूट पडली असती. युद्ध ऐन भरात होतं. आणि गप्पच राहिले असंही नाही. १९५६ मध्ये जमीनसुधारणेतल्या अत्याचारांची कबुली पक्षातर्फे जाहीरपणे त्यांनीच दिली. २००९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, मध्य पठारावरच्या बॉक्साइट खाणींच्या विरोधात त्यांनी सरकारला पत्रं लिहिली.

कोरा कागद: ५६ ची कबुली पक्षाने द्यायला लावलेली होती. ती देण्याची लाज त्यांना वाटली असेल, हे मी मानतो. पत्रांबद्दल आदर आहेच. पण २००९ मध्ये कुणी त्यांच्या केसालाही धक्का लावणार नव्हतं. १९६७ मध्ये त्यांची माणसं कोठडीत होती, तेव्हाचं एखादं पत्र मला वाचायला मिळायला हवं होतं.