मुलाला कुत्रा चावला : लस दिल्यावर सीरमही आवश्यक आहे का?

प्रश्न
परवा संध्याकाळी अंगणात खेळताना शेजाऱ्यांचा कुत्रा माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या गालाला आणि मनगटाला चावला. गालावरची जखम खोल असून तिच्यातून बरेच रक्त आले. घाबरून सासूबाईंनी तिच्यावर हळद दाबली. काल प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचे इंजेक्शन आणि रेबीजच्या लसीचा पहिला डोस मिळाला. सीरमसाठी मात्र जिल्हा रुग्णालयात जाण्यास सांगितले आहे. कुत्रा पाळीव आहे, त्याला लस टोचलेली आहे आणि तो आजही ठणठणीत आहे, तेव्हा लेकराच्या जखमेत आणखी सुया कशाला, असे घरातील ज्येष्ठांचे म्हणणे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (बालरोगतज्ज्ञ)
ताई, आजच जावे. रक्त आलेला चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतो आणि त्यासाठी लस व सीरम दोन्ही लागतात. लसीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवू लागते, पण त्याला एक ते दोन आठवडे जातात. सीरममध्ये ती तयार स्वरूपात असतात आणि विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधी त्याला जखमेतच गाठतात, म्हणूनच ते जखमेत आणि तिच्या कडेने टोचतात. लहान मुलांचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीवर येत असल्याने त्यांना चेहऱ्यावर चावे अधिक बसतात, आणि तेथून मेंदू जवळ असतो. मात्रा वजनावर ठरते : मानवी सीरम किलोमागे 20 युनिट, घोड्यापासून बनवलेले 40. पहिल्या डोसनंतर सात दिवसांपर्यंतच ते देता येते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष जरूर ठेवावे, परंतु त्याच्या निकालाची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. गालावर टाके घालण्याचा आग्रहही धरू नये. ते अगदी अपरिहार्य असतील तर सीरमनंतरच, आणि सैल घालतात.

प्रतिसाद २ (आरोग्यसेविका)
जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली नसेल, तर उशीर झाला तरी आता धुवावी. या विषाणूचे बाह्य आवरण मेदयुक्त असते आणि साबणाने ते नष्ट होते. हळद, चुना वा मिरचीपूड यांनी जखम केवळ चिघळते. आमच्या केंद्रात लस त्वचेत देतात : 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन ठिकाणी. कालचा दिवस 0 धरल्यास पुढचा डोस परवा येतो. मूल लहान म्हणून लसीची मात्रा कमी होत नाही.

प्रतिसाद ३ (एक पालक)
आमच्या मुलीने रागावतील या भीतीने मांजराचा ओरखडा चार दिवस लपवला होता. डॉक्टरांनी तेव्हाही लस सुरू केली. मुलाला रागावू नका, आणि सुई टोचताना त्याला मांडीवर घेऊन बसण्याची परवानगी मागा.

प्रश्नकर्ती
आज दुपारी सीरम दिले. जखमा दोन असल्याने डॉक्टरांनी ते सलाइनमध्ये वाढवून दोन्हीकडे पुरवले. तो खूप रडला, आता झोपला आहे. परवाचा डोस चुकवणार नाही.